शहर ठरवण्याआधी संध्याकाळ ठरवा

हळद विकून पट्टी हाती आली, की आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या घराघरांत एक विषय निघतो. ऊन तापलेलं असतं, शाळेच्या परीक्षा उरकत आलेल्या असतात. रात्रीची जेवणं झाल्यावर बाप अंगणात बाजेवर बसतो आणि हळूच म्हणतो, "औंदा लेकराला नांदेडला टाकावं म्हणतो." भांडी आवरता आवरता माय थांबते. आजी काहीतरी पुटपुटते. आणि ज्याच्याबद्दल हे चाललेलं असतं, ते लेकरू झोपेचं सोंग घेऊन एकेक शब्द ऐकत असतं.

आई-बाबांनो, आज याच विषयावर तुमच्याशी बोलायचं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवता शिकवता माझी सत्तावीस वर्षं सरली. दर उन्हाळ्यात दाखला मागायला पालक येतात. कुणी नांदेडला निघालेलं असतं, कुणी लातूरला, कुणी छत्रपती संभाजीनगरला. कुणाला चाकणच्या कंपनीत काम लागलेलं असतं. मी दाखला कधी अडवत नाही. एवढंच विचारते, "तिकडं संध्याकाळी लेकराजवळ कोण असणार?" बरेच जण गप्प होतात. शाळा, फी, क्लास, खोलीचं भाडं, व्हॅन असं सगळं ठरलेलं असतं. संध्याकाळ तेवढी कुणी ठरवलेली नसते.

मीही ठरवली नव्हती. म्हणून आधी माझीच गोष्ट सांगते.

गळ्यातली किल्ली

आम्ही वसमत तालुक्यातल्या एका खेड्यात राहत होतो. यजमानांची शेती, माझी शाळा शेजारच्या गावात. थोरला चौथीत गेला तेव्हा माझ्याच मनाने घेतलं, की याला शहरातल्या इंग्रजी शाळेत घालायचं. नांदेडला खोली केली. यजमान शेतावर राहिले, धाकटी आजीपाशी राहिली आणि मी रोज अपडाउन करू लागले. लेकाची शाळा दुपारी एकला सुटायची. मी पोचायची सात वाजता. सहा तास तो एकटा. खोलीची किल्ली त्याच्या गळ्यात दोरीला बांधून दिली होती आणि तो किती शहाणा आहे हे मी कौतुकाने सगळ्यांना सांगत असे.

श्रावणात एकदा वाटेतल्या ओढ्याला पूर आला. एसटी अडकून पडली. मी पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. खोलीला कुलूप. शेजारी विचारलं, दुकानात विचारलं, पाय लटपटायला लागले. शेवटी तो सापडला बसस्थानकावर. अंगात शाळेचाच गणवेश, गळ्यात किल्ली, बाकावर बसलेला. दुपारपासून तिथेच होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "घरी कुणी नसतं गं आई. इथं माणसं असतात."

त्या दिवशीच नाही, रोजच तो तिथे जाऊन बसायचा हे मला पुढे कळलं.

वर्ष संपल्यावर आम्ही गावी परतलो. लोकांनी विचारलं, मला वाईटही वाटलं. पण लेकरू पुन्हा हसायला लागलं. दहावीनंतर त्याने स्वतःच लातूर निवडलं, वसतिगृहात राहिला, नीट शिकला, आज आपल्या पायावर उभा आहे. म्हणून शहर वाईट, असं मी मुळीच म्हणणार नाही. नांदेडच्या त्याच वाड्यात खालच्या खोलीत सेनगावकडचं एक कुटुंब राहायचं. बाप ऑटो चालवायचा, आई शिलाई करायची. एका खोलीत पाच माणसं. पण आई दिवसभर मशीनवर घरातच असायची आणि सातच्या ठोक्याला सगळे एका ताटाभोवती जमायचे. ती लेकरं शहरात फुलली. त्यांचं आणि आमचं शहर एकच होतं. संध्याकाळ वेगळी होती.

कारण नेमकं कुणाचं?

जायचं की नाही हे ठरवण्याआधी नवरा-बायकोने एका कागदावर खरी कारणं लिहून काढावीत. शाळेत दोनच शिक्षक आणि वर्ग पाच, हे खरं कारण आहे. घरात कुणाला मोठं दुखणं आहे, हेही खरं. शेती परवडत नाही, भावकीत वाद आहेत, चुलत्याच्या पोराने शहरात प्लॉट घेतला, शहरात घर नसेल तर उद्या पोराला पोरगी कोण देणार, ही कारणंही आपल्याकडे असतात. ती लपवू नका. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

फक्त मोठ्यांची कारणं लेकराच्या नावावर टाकू नका. "तुझ्यासाठी शेती सोडली, तुझ्यासाठी बाप एकटा राहतो" हे वाक्य दहा वर्षांच्या जिवाला पेलत नाही. त्या लेकराला मग प्रत्येक चाचणी म्हणजे कर्जाचा हप्ता वाटायला लागते. गुण कमी पडले की आपण आई-बापाचं नुकसान केलं, असं त्याच्या मनात बसतं. काही मुलं दबून जातात, काही खोटं बोलायला शिकतात. म्हणून त्याला खरं ते सांगा: "आपल्या सगळ्यांना बरं पडेल असं वाटतं म्हणून जातोय. जमलं तर राहू, नाही जमलं तर परत येऊ."

कोणत्या वर्गात हलवावं?

वयाचा विचार बारकाईने करा. पहिली-दुसरीतल्या मुलाला शाळेपेक्षा आईची मांडी मोठी असते. आई सोबत असेल तर ते कुठेही रुजतं. नववी-दहावीच्या मधोमध मात्र शक्यतो हलवू नका. त्या वयात मित्र तुटले की मूल बोलायचंच बंद होतं, आणि वर परीक्षेचं ओझं.

तिसरी ते पाचवीच्या पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय वसमतला आहे. तिथे सहावीत प्रवेश मिळतो, राहणं-जेवण-शिक्षण मोफत. त्यासाठी मूल त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असावं लागतं. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, आणि ग्रामीण म्हणून हक्क सांगायचा तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं खेड्यातल्या शाळेत झालेली हवीत. चौथीत घाईने शहरात नेलेली किती हुशार लेकरं या हक्काला मुकली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तसंच आठवीतल्या एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेचं. ती पास झाल्यास नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. पण ती शासकीय, जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे, आणि पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. खासगी विनाअनुदानित शाळेत नाव घातलं की तो रस्ता बंद होतो.

मुलींच्या आई-बाबांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. गावात सातवी-आठवीपर्यंतच शाळा आहे, पुढे वाट नाही, म्हणून मुलगी घरी बसते आणि वर्ष-दोन वर्षांत तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. असं असेल तर घर हलवण्याचा विचार जरूर करा, तो विचार चांगलाच आहे. पण त्याआधी जवळचे रस्तेही पाहा. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. मानव विकासच्या निळ्या बसगाड्या मुलींना शाळेत नेण्यासाठीच आहेत. बस वेळेवर येत नसेल तर चार घरच्या आयांनी मिळून आगारात जा. चार आया एकत्र गेल्या की आगारप्रमुखाला त्यांचं ऐकावंच लागतं.

अकरावी-बारावीला मूल एकटं वसतिगृहात राहू शकतं, तेव्हा अख्खं घर उचलायची गरज नसते. समाजकल्याणच्या वसतिगृहांची चौकशी करा. तिथे जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. इतर मागास व भटक्या-विमुक्त वर्गातल्यांसाठी बारावीनंतरच्या शिक्षणाला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पोराला खोली पाहण्याआधी हे अर्ज भरा.

दोन चुली

आपल्याकडची खरी पद्धत म्हणजे माय लेकरांना घेऊन शहरात आणि बाप शेतावर. याला आपण "खोली करून राहणं" म्हणतो. दोन चुली पेटतात, त्याचा हिशेब आधी मांडा. गावात दूध घरच्या म्हशीचं असतं, शहरात अर्ध्या लिटरची पिशवी. गावात भाजी धुऱ्यावर असते, शहरात ती पावशेरावर येते. त्यात डिपॉझिट, व्हॅन, गॅस, दवाखाना, आणि दर लग्नकार्याला गावी येण्या-जाण्याचं भाडं. हळदीचा भाव एखाद्या वर्षी चढतो, पुढच्या वर्षी कोसळतो. शाळेची फी मात्र दर वर्षी वाढतच जाते. म्हणून निदान एका वर्षाचं भाडं आणि फी बाजूला काढता येत असेल तरच पाऊल उचला. जमीन ठोक्याने द्या, बटईने द्या, पण पहिली दोन वर्षं विकू नका. परतीची वाट तिच्यावरच असते.

आणि शेतावर एकटा राहिलेला बाप विसरू नका. तो आखाड्यावर स्वतःच भाकरी थापतो किंवा थापतच नाही. पाऊस लांबला, कर्ज थकलं, तरी फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणतो. आपल्या मराठवाड्यात अशा गप्प बसलेल्या बापांनी काय करून घेतलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. रोज रात्री ठरल्या वेळी त्याचा फोन झालाच पाहिजे, आणि त्यात लेकराच्या गुणांआधी त्याच्या जेवणाची चौकशी झाली पाहिजे. आठवड्याला एक रात्र तरी सगळे एका छताखाली झोपतील अशी सोय होत नसेल, तर ते अंतर तुमच्या घराला जास्त आहे असं समजा. वसमतकरांना नांदेड जवळ पडतं. सेनगाव-कळमनुरीच्या टोकाकडून तेच नांदेड लांब होतं. मग पुण्याची गोष्टच निराळी.

कागद आणि हक्क

जायचं ठरलं तर कागद उन्हाळ्यातच गोळा करा. शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेश-निर्गम उतारा, जन्माचा दाखला, आधार, आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला. जातीच्या दाखल्याला जुने महसुली आणि शाळेचे पुरावे गावातच मिळतात. बारावीनंतर धावपळ करण्यापेक्षा ते निघण्याआधी काढून ठेवा. रेशनकार्ड आता दुसऱ्या शहरातल्या दुकानातही चालतं, ते बंद करायची घाई नको.

दाखला हाती यायला उशीर झाला, तर घाबरू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला एका शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा असतो, आणि तो नाही म्हणून अशा नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही की लांबवताही येत नाही.

ज्यांना निवड नसते

दसरा झाला की ट्रॅक्टरमध्ये संसार भरून ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे जाणारी आपली माणसंही पालकच आहेत. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. जायचं की नाही हा प्रश्न त्यांच्या हातात नसतो. त्यांना माझी विनवणी एकच. निघण्याआधी शाळेत येऊन गुरुजींना सांगा. आजी-आजोबांपाशी मूल ठेवता येत असेल तर अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय शासनाने केलेली आहे, ती गावात सुरू करा म्हणून मागणी करा. सोबत न्यावंच लागलं तर शिक्षण हमी कार्ड घेऊन जा. फडाजवळच्या शाळेला वर्षाच्या मधेही तुमच्या लेकराला बसवून घ्यावं लागतं. तो तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नव्हेत. आणि उसाच्या फडात बारा वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटं देऊन तिला शाळेतून काढू नका. ती शाळा तिच्याकडे पुन्हा येत नाही.

लेकराला विचारा, आणि वाट दाखवा

मुलाला विचारायचं म्हणजे निर्णय त्याच्यावर टाकायचा नव्हे. निर्णय तुमचाच. पण त्याला काय वाटतं, कशाची भीती वाटते, काय सोडवत नाही, हे त्याने बोलायला हवं. मे महिन्यात दोन रात्री पाहुण्यांकडे मुक्काम करा. शाळेची वाट त्याच्यासोबत पायी चाला. संध्याकाळी सहा वाजता त्या गल्लीत उभे राहा. पोरं खेळतात का, उजेड आहे का, कोपऱ्यावर कोण उभं असतं, हे त्याच वेळी दिसतं. सकाळी शाळेच्या ऑफिसात बसून ते दिसत नाही.

निघताना निरोप घेऊ द्या. बैलाच्या पाठीवरून हात फिरवू द्या, बाईंना भेटू द्या, मित्रांचे नंबर लिहून घेऊ द्या. "रडतोस काय, शहरात चाललायस" असं म्हणू नका. ज्याला रडू दिलं, ते पोर लवकर सावरतं.

तिकडे गेल्यावर पहिली ठेच बोलीची लागते. आपलं लेकरू "औंदा" म्हणतं, "मपलं" म्हणतं, आणि वर्ग हसतो. त्या संध्याकाळी कुणीतरी त्याला जवळ घेऊन सांगायला हवं, की ही तुझ्या आजीची भाषा आहे. नामदेव महाराज आपल्या नरसीचे. १२७० मध्ये त्यांचा जन्म इथे झाला असं आपण मानतो. त्यांचं आयुष्य पंढरीत गेलं, पुढे ते पार पंजाबात घुमानला राहिले, आणि शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. सातशे वर्षं झाली, तिकडची माणसं अजून त्यांना आपलं म्हणतात आणि आपणही नरसीची जत्रा चुकवत नाही. एखादा माणूस दोन्हीकडचा होऊ शकतो, हे लेकराला यापेक्षा सोपं करून कसं सांगणार?

पहिले तीन महिने गुणांकडे पाहू नका. मूल जेवतं का, झोपतं का, एका तरी मित्राचं नाव घेतं का, एवढंच पाहा. पोटदुखी वारंवार होऊ लागली, अंथरूण ओलं होऊ लागलं, शाळेच्या गोष्टी सांगणं बंद झालं, तर रागावू नका. सुटी काढून चार दिवस त्याच्याजवळ बसा, शाळेत जाऊन बाईंशी बोला.

राहायचं ठरलं तर

राहणं म्हणजे मागे पडणं, हा समज मनातून काढून टाका. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला. त्याआधी जिल्ह्याच्या कामाला परभणी गाठावी लागे. आज हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते २०२४ मध्ये सुरू झालं. औंढ्याजवळ दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अवकाशातून येणारी थरथर ऐकायला देशोदेशीची माणसं आपल्या शिवारात येतील. त्यांतला एखादा शास्त्रज्ञ आपल्याच शाळेतून का निघू नये?

पण राहायचं तर शाळेला वाऱ्यावर सोडू नका. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. बैठकीला या, नुसत्या सह्या करू नका. शिक्षक कमी असतील तर विचारा, वाचनाची पुस्तकं कपाटात कुलुपात असतील तर उघडायला लावा. आणि संध्याकाळचा प्रश्न गावातल्या घरालाही आहेच. बाप पारावर, माय मालिकेपुढे आणि लेकरू मोबाईलमध्ये, असं असेल तर ते गावात राहूनही बसस्थानकावरच बसलेलं आहे.

आणि जाऊन परत यावं लागलं, तर मान खाली घालू नका. आम्ही परतलो तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आलात? बरं झालं. हात-पाय धुवा." त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. परत आलेल्यांचं स्वागत घराने असंच करावं.

आता पुन्हा त्या अंगणात जाऊ. बाप बाजेवर बसलाय, विषय निघालाय, लेकरू गोधडीत डोळे मिटून जागं आहे. आज त्याला हाक मारा. "ये, इथं बस" म्हणून बाजेवर जागा करून द्या. शाळेचं नाव, फी, भाडं नंतर बोलू. आधी तिघं-चौघं मिळून हे ठरवा, की पुढच्या जूनमध्ये दिवेलागणीला या घरातलं कोण कुठे असेल. त्याचं उत्तर सगळ्यांना पटलं, तर दाखला न्यायला निःशंक मनाने शाळेत या. मी सही करीन, आणि लेकराच्या पाठीवर हात ठेवून त्याला निरोपही देईन.